भूमीचा गारवा आणि त्याची किंमत



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला भरते, ते इतिहासाचा तास गावाच्या वेशीपासून सुरू करीत, असे त्यांच्या अनेक विद्यार्थ्यांकडून मी ऐकले आहे. त्यांच्या या रीतीस अनुसरून आजचे व्याख्यान मी आणखी जवळून, म्हणजे घराच्या छपरापासून, सुरू करणार आहे. उन्हाळ्याच्या तापापासून स्वतःला वाचविण्यासाठी आपल्या भागातील माणसांनी जमिनीचा आश्रय कसा घेतला, तो आश्रय त्यांना किती लाभला आणि पुढे तो त्यांनी का सोडला, हा माझा विषय आहे.

मराठीच्या प्राध्यापकाने उष्णतेवर बोलावे याचे कोणाला नवल वाटल्यास ते रास्तच म्हणावे लागेल. माझ्या पीएच.डी.चा विषय प्राचीन शिलालेखांतील शब्दसंपत्ती हा होता. त्या निमित्ताने नाशिक, कार्ले, जुन्नर येथील लेण्यांत चैत्र-वैशाखात पुष्कळ दिवस काढावे लागले. बाहेर कातळावर पाय ठेववत नसे आणि आतल्या खोलीत बसून अक्षरे उतरवून घेताना घामाचा थेंब कागदावर पडत नसे. अक्षरांच्या अभ्यासकाला ही सोय पुरेशी होती. तिच्या कारणांचा विचार करण्याची बुद्धी निवृत्तीनंतर झाली.

आपल्यापैकी बहुतेकांची कुळे खानदेशातील आहेत. तापी व्हॅली रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि अमळनेर, नंदुरबार, नवापूर ही गावे सुरतेला जोडली गेली. पुढे कापडाच्या धंद्याने या गाडीतून पिढ्यानुपिढ्या माणसे आणली. उधना, लिंबायत, पांडेसरा या वस्त्या त्यांनी भरल्या आणि सुरत महानगरपालिकेला मराठी माध्यमाच्या शाळा चालविणे भाग पाडले. या स्थलांतराची चर्चा मजुरी, भाषा, मतदान अशा अंगांनी होते. त्यात एक बदल नोंदविला जात नाही. हा माणूस धाब्याखालून निघाला आणि पत्र्याखाली येऊन राहिला.

धाबे म्हणजे काय हे इथल्या तरुण श्रोत्यांना सांगायला हवे. खानदेशातील जुन्या घराला उतरते छप्पर नसे. जाड मातीच्या भिंती, आत सागाचे किंवा निंबाचे खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर लाकडी किलच, त्यावर पाला किंवा तुराट्या आणि त्यावर फूट-दीड फूट मातीचा थर, अशी त्याची रचना. अगदी वर खारी मातीचा हात. ती पावसाच्या पहिल्या सरीबरोबर फुगून घट्ट बसते आणि पाणी आत झिरपू देत नाही. मराठवाड्यात याच रचनेला माळवद म्हणतात आणि उजेडासाठी त्यात ठेवलेल्या भोकाला सवणे. माती कोणतीही चालत नसे. गावाची वस्ती ज्यावर असते ती पांढरी आणि शेत पिकते ती काळी, हा भेद आपल्या भाषेने फार जुन्या काळापासून जपला आहे. ‘पांढरी’ या शब्दाचा अर्थच पुढे गाव, गावठाण असा झाला. काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तिच्यावर पीक येते, घर उभे राहत नाही. हे ज्ञान शब्दात साठविलेले होते.

या फूटभर मातीचे काम समजून घेण्यासारखे आहे. दुपारी ऊन धाब्यावर पडते, माती तापू लागते, आणि ही उष्णता थराथराने खाली उतरते. पण माती उष्णतेला सावकाश वाट देते. फूटभर जाडीतून दुपारचा ताप खाली पोचायला सुमारे नऊ-दहा तास लागतात, आणि पोचेपर्यंत त्याचा बहुतेक जोर वाटेतच जिरलेला असतो. म्हणजे बाराच्या उन्हाची झळ घरात रात्री दहाच्या सुमारास यायची. त्या वेळी घरातली माणसे कोठे असत? ती जेवणे आटोपून, शिडीने वर चढून, थंडावलेल्या धाब्यावर गोधड्या टाकून चांदण्यात आडवी झालेली असत. ताप छताखाली आला तेव्हा घर रिकामे होते. माझे बालपण अमळनेर तालुक्यात अशाच एका घरात गेले. रात्री वर झोपण्याची ती मौज एका शास्त्रशुद्ध वेळापत्रकाचा भाग होती, हे तेव्हा कोणी आम्हाला सांगितले नाही. आज्जीला ते वेळापत्रक ठाऊक होते, कारण नव्हते. आणि कारणावाचून तिचे काही अडले नाही.

पत्र्याचे गणित सांगायला नको. त्याची जाडी मिलिमीटरमध्येही पूर्ण भरत नाही. ऊन वर पडले की त्याच घटकेला खाली उतरते.

धाब्यात माती माणसाच्या डोक्यावर असते. भुयारात माणूस मातीच्या पोटात जातो. मराठीतला ‘भुयार’ आणि गुजरातीतला ‘भोंयरुं’ हे सख्खे भाऊ आहेत, दोघांचे मूळ संस्कृत ‘भूमिगृह’. सुरतेच्या रस्त्यावर दोन्ही शब्द एका कानावर पडतात तेव्हा मला नेहमी आनंद होतो. ‘वाव’ या शब्दाने मात्र नवख्या मराठी माणसाची गंमत होते. आपल्याकडे वाव म्हणजे अवसर, मोकळी जागा. गुजरातीत वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर, संस्कृत ‘वापी’ची लेक. तिचा आपल्याकडचा अवतार म्हणजे बाव आणि बावडी. मराठवाडा अशा पायऱ्यांच्या विहिरीला बारव म्हणतो.

जमिनीच्या पोटात गारवा का असतो? दिवसाच्या तापाची लाट हात-सव्वा हात खोलीवर जवळजवळ विरून जाते, तेथे दिवस आणि रात्र सारखेच. वर्षाच्या ऋतूंची लाट याहून खोल जाते, पण तीही उशिरा आणि दुबळी होऊन. विहिरीची खोली आपण परसात मोजतो. हा परस म्हणजे ‘पुरुष’, एका माणसाची उंची. वैशाखाचा ताप दीड परस खोलीवर पोचेपर्यंत वर आषाढ सरत आलेला असतो. चार-पाच परसांवर ऋतूंचा भेद नावापुरता उरतो आणि मातीचे तापमान त्या गावाच्या वर्षभराच्या सरासरीवर स्थिरावते.

हे शेवटचे वाक्य आपल्या विषयाची किल्ली आहे. भूमी गारवा निर्माण करीत नाही. ती वर्षभराचे ऊन आणि थंडी एकत्र करून त्यांची सरासरी देते. इराणातील यज्दसारख्या गावाची ही सरासरी सुमारे १९-२० अंश. तिथला सर्दाब, म्हणजे घराखालची उन्हाळी खोली, खरोखरच थंड असतो. (सर्दाब म्हणजे थंड पाणी. आपली ‘सर्दी’ याच घराण्यातली.) सुरतेची सरासरी २७-२८ अंशांच्या आसपास. चैत्रात बाहेर पारा चाळिशीकडे झुकतो तेव्हा २८ अंश हे सुखच आहे. पण आषाढात समुद्रावरची दमट हवा त्याच भुयारात शिरली की भिंती ओलसर होतात, कपड्यांना बुरशी येते आणि माणसाला कोंदटल्यासारखे होते. त्यामुळे इराणी तळघर जसेच्या तसे उचलून तापीकाठी आणले असते तर ते चार महिने उपयोगी आणि चार महिने त्रासदायक ठरले असते.

बाबराने आपल्या आत्मवृत्तात हिंदुस्थानच्या उष्णता, वारा आणि धूळ या तीन त्रासांविषयी तक्रार केली आहे आणि हमामखान्यात या तिन्हींतून सुटका होते असे म्हटले आहे. अकबराच्या काळी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडण्याची रीत दरबारात प्रतिष्ठा पावली होती, हे ‘ऐन-इ-अकबरी’वरून कळते. उत्तरेतून आलेल्यांना जे करावे लागले त्याची दिशा यातून दिसते. एकट्या मातीवर भागत नाही, तिला पाण्याची जोड हवी. गुजरातने हे पाच शतके आधी ओळखले होते.

पाटणची राणीनी वाव उदयमतीने १०६३ च्या सुमारास बांधविली. सुमारे ६४ मीटर लांब, २० मीटर रुंद आणि २७ मीटर खोल असे हे जमिनीत उलटे उतरलेले मंदिरच आहे. अडालजची वाव आणि अहमदाबादजवळ असारव्याची बाई हरीरची वाव या दोन्ही पंधराव्या शतकाच्या शेवटच्या दोन वर्षांतल्या. अडालजची पाच मजली. या वावांत वरून खाली उतरताना काय होते ते पाहावे. प्रत्येक मजल्याला ऊन कमी होत जाते. थंड हवा जड असल्यामुळे खाली बसून राहते आणि वरची तप्त हवा तिला हलवू शकत नाही. तळाचे पाणी वाफ होताना आजूबाजूचा ताप शोषून घेते. त्यातच प्रत्येक टप्प्यावर खांबांचे मंडप आणि बसायला ओटे. म्हणजे विहीर खणणाऱ्याने पाण्याबरोबर विसाव्याचीही योजना केली होती.

बाई हरीरच्या वावेत संस्कृत आणि अरबी असे दोन लेख आहेत. शिलालेखांच्या विद्यार्थ्याला संस्कृत लेखाचा आशय विसरता येत नाही. चारी दिशांनी येणाऱ्या तहानलेल्या जीवांसाठी, माणसे, पशू, पक्षी, झाडे अशा चौऱ्यांशी लक्ष योनींसाठी, ही वाव आहे असे तो सांगतो आणि लगेच खर्चाचा आकडाही देतो, तीन लाख एकोणतीस हजार महमुदी. सुलतानाच्या अंतःपुरातील एक स्त्री, तिचा संस्कृत लेख आणि काटेकोर हिशेब, हे तिन्ही एका भिंतीवर! उदयमती, अडालजची राणी रूडाबाई, बाई हरीर या सर्व स्त्रिया. पाणी भरणे हे ज्यांच्या वाट्याचे काम, त्यांच्यासाठी वावेचे ते ओटे दिवसातली बसण्याची एकमेव जागा असत. हे बांधविणाऱ्या स्त्रियांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही.

महाराष्ट्रात याच्या तोडीचे उदाहरण साताऱ्याजवळच्या लिंब गावी आहे. बारा मोटेची विहीर शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४, या काळात वीरूबाई भोसले यांनी बांधविली. हीही एक स्त्रीच. अष्टकोनी विहीर सुमारे ११० फूट खोल, तिच्यावर बारा मोटा चालत आणि त्या पाण्यावर आमराई जगे. वैशिष्ट्य असे की विहिरीच्या अंगातच कोरीव खांबांचा एक छोटा महाल आहे. शाहू महाराजांच्या मसलती येथे होत असे परंपरा सांगते. मसलतीची नोंद मिळो न मिळो, वैशाखात डोके शांत ठेवून बोलायला साताऱ्यात याहून चांगली जागा नसावी.

औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, पाणचक्की मला या सर्वांहून अधिक चतुर वाटते. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याजवळ १६९५ च्या सुमारास ही चक्की उभी राहिली. डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून कित्येक मैलांवरून आणलेले आहे. चक्कीपुढे १६४ फूट लांब आणि ३१ फूट रुंद असा हौद आहे आणि या हौदाचा तळ हेच खालच्या एका प्रशस्त दालनाचे छत आहे. वर पाणी, पाण्याखाली दगडी खांबांवर तोललेले दालन, त्यात यात्रेकरूंची उतरण्याची सोय. हे दालन एका अंगाला नदीकडे उघडते, म्हणून ते कोंदट होत नाही. आपण पंख्याला जे काम सांगतो ते येथे नदीवरचा वारा करतो.

आता सुरतेकडे वळू. येथे वावांचे असे वैभव नाही आणि राहण्याजोग्या भुयारांचीही रीत पडली नाही, ती का? पहिले कारण तेच, काळी माती. दुसरे तापी. शहरापर्यंत भरतीचे पाणी येई, भूजल फार खोल नव्हते आणि पूर हा पाहुणा नेमाचा. म्हणून सुरत, नवसारी, भरूच येथील जुन्या घरांनी भुयाराऐवजी टाके पत्करले. चौकाच्या फरशीखाली चुन्याने गिलावा केलेली बंदिस्त कोठी, छपरावरचे पावसाचे पाणी नळाने तिच्यात सोडायचे, पहिल्या सरींचे पाणी वाहू द्यायचे आणि मग झाकण लावायचे. उजेड आणि धूळ लागली नाही की ते पाणी वर्षभर निर्मळ राही. आपल्या लेण्यांतील लेखांत अशा कोरीव टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. नाशिकच्या दहाव्या लेण्यातील उषवदाताचा लेख याच प्रदेशाशी नाते सांगतो. नहपानाच्या या जावयाने भरुकच्छात धर्मशाळा बांधल्या, बागा, तळी आणि विहिरी केल्या, आणि पारादा, दमण, तापी इत्यादी नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, असे त्यात कोरले आहे. एकोणीसशे वर्षांपूर्वी नाशिकच्या गुहेत तापीचे नाव आहे! टाक्याच्या चौकात दुपारी दार लावून बसणे हा सुरतेचा उन्हाळी उपाय. सुखवस्तू माणसाचा, हे सांगायला हवे.

इथवरचे वर्णन ऐकून आपल्या पूर्वजांचा अभिमान दाटून येणे स्वाभाविक आहे आणि बहुतेक व्याख्याने तेथेच थांबतात. मग प्रश्न असा उरतो, की इतके शहाणपण होते तर लोकांनी ते टाकले का? इंग्रजी राज्याचे आकर्षण आणि नव्याची हौस, हे ठरलेले उत्तर मला पटत नाही. खेड्यातला माणूस हौसेखातर थंड घर सोडून तापलेल्या घरात जात नाही. त्याला भय वाटले म्हणून तो गेला आणि ते भय खोटे नव्हते.

वावेतले भय नारूचे होते. पायऱ्यांवरून उतरून पाण्यात पाय घालून घागर भरायची, आणि ज्याच्या पायाला नारू झाला आहे त्याच्या जखमेतून त्या रोगाची बीजे त्याच पाण्यात सुटायची. ते पाणी प्यायलेला माणूस वर्षभराने अंथरुणाला खिळायचा. म्हणून आरोग्य खात्याने पायऱ्यांच्या विहिरी बंद करविल्या, बुजविल्या किंवा त्यांना कठडे घालून रहाट बसविले. भारतातील नारूचा शेवटचा रुग्ण १९९६ साली नोंदविला गेला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला. वावेचा गारवा हरवला म्हणून हळहळणाऱ्याने या मोहिमेचे पारडेही तोलून पाहावे. आणि त्या गारव्याला तरी सर्वांची मुभा कोठे होती? बाई हरीरचा लेख चौऱ्यांशी लक्ष योनींना बोलावतो, पण गावोगावच्या विहिरींवर त्या योनींपैकी कित्येक माणसांना पायरी चढू दिली जात नव्हती. महाडच्या चवदार तळ्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला, यापेक्षा वेगळा पुरावा नको.

पुराचे भय तर आपण येथे बसलेल्या बहुतेकांनी पाहिले आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सोडले गेले आणि शहराचा बहुतेक भाग बुडाला. त्या दिवसांत तळघर असलेल्या इमारतींची काय अवस्था झाली ते मी सांगावे असे नाही. आदल्याच वर्षी, २००५ साली, कृष्णेच्या पुराने सांगलीजवळच्या हरिपूरला असाच धडा दिला होता. तेथे हळद साठविण्याची पेवे आहेत. जमिनीत खणलेला हा खोल कुंभ, वरून अरुंद तोंड, आत बेताची हवा. त्यात हळद कित्येक वर्षे किडीवाचून राही. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार आपण वापरतो तो याच पेवावरून. पुराचे पाणी आत शिरले आणि हळद कुजली, पुढे तो धंदा गोदामांकडे वळला. पेवाचे आणखी एक भय जुने लोक सांगत. उघडल्याबरोबर कोणी आत उतरायचे नाही, आधी दिवा सोडून पाहायचा. विझला तर थांबायचे.

आणि किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीची रात्र उलटून पहाट होत होती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील (उस्मानाबाद म्हणजे आताचे धाराशिव) गावे झोपेत असताना भूकंप झाला. मृतांची सरकारी नोंद जवळजवळ आठ हजारांची आहे. भूकंपाची तीव्रता जगातल्या मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यम होती. माणसे मेली ती घरांखाली. मातीत रचलेल्या वाटोळ्या दगडांच्या जाड भिंती आणि वर माळवद. दरवर्षी पावसाआधी माळवदावर नवी माती घालायची, जुनी काढायची नाही, असे पिढ्यानुपिढ्या चालल्याने कित्येक घरांवर दोन-अडीच फूट माती साठली होती. ज्या थराने शतकभर ऊन अडविले त्याच थराने त्या पहाटे श्वास अडविला. धाब्याची जी स्तुती मी मघाशी केली ती मागे घेत नाही, पण त्या गावांतील माणसापुढे उभे राहून ती करण्याचे धैर्य मला होणार नाही. पुनर्वसनाच्या वसाहतींत त्यांना नवी घरे मिळाली. ती उन्हाळ्यात तापतात, अशी तक्रार तेथून येत राहिली. तरी माळवद पुन्हा घालावे असे फारसे कोणी म्हटले नाही. मला हे पूर्ण समजते.

म्हणून, भूमीचा गारवा पुन्हा हवा असेल तर या भयांना आधी उत्तर द्यावे लागते. ते देता येते, हे बाळकृष्ण दोशींनी गुजरातमध्येच दाखविले. जन्म पुण्याचा, १९२७ सालचा, वास्तुकलेचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. मध्ये, कर्मभूमी अहमदाबाद. १९८० च्या सुमारास त्यांनी स्वतःच्या कार्यालयासाठी ‘संगाथ’ ही वास्तू बांधली. तिचा काही भाग जमिनीत उतरविला आणि वर कमानदार छते घेऊन त्यांवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर दिला. ऊन परतवायचे काम तुकड्यांचे, उरलेला ताप अडविण्याचे काम जाड छताचे आणि जमिनीचे. छताचे पावसाचे पाणी पन्हळींतून अंगणातल्या पाटात उतरते. माळवदाची युक्ती येथे आहे, त्याचे ओझे नाही. १९९० च्या दशकात त्यांनी हुसेन यांच्या चित्रांसाठी जमिनीखालची गुफा बांधली, तीही पातळ कवचांची, वर तेच पांढरे तुकडे. २०१८ साली दोशींना प्रिट्झकर पारितोषिक मिळाले आणि २०२३ च्या जानेवारीत ते गेले. अहमदाबादला गेलात तर गुफा पाहा, पण मे महिन्यात, भर दुपारी पाहा.

अर्थात लिंबायतच्या माणसाला जमिनीत उतरायला जागाही नाही आणि तापी त्याला उतरूही देणार नाही. त्याच्यापुढे पत्रा आहे आणि पत्र्याखाली आठ-दहा तासांची पाळी किंवा पाळीनंतरची झोप. ज्याला परवडते तो वातानुकूल यंत्र बसवितो. ते खोलीतला ताप उचलून गल्लीत टाकते आणि वर स्वतःचा घालते. न परवडणारा त्या गल्लीत झोपतो. २०१० च्या मे महिन्यातील उष्णतेच्या लाटेत अहमदाबादेत झालेल्या मृत्यूंनंतर त्या शहराने २०१३ साली उष्णता-कृती आराखडा आखला. पुढे गरीब वस्त्यांतील छपरांना पांढरा चुना देण्याचे काम त्याला जोडले गेले. संगाथच्या चिनी तुकड्यांचेच हे स्वस्त रूप. पाहणाऱ्याला फारसे काही दिसत नाही, पण छताखाली झोपणाऱ्याला फरक कळतो.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळजण बांधकामाच्या ठेकेदारीत आहेत, काहींचे स्वतःचे कारखाने आहेत. त्यांच्यासाठी एक व्यावहारिक तपशील सांगतो. हा चुना टिकत नाही. पावसाने धुपतो, धुळीने काळवंडतो आणि पुढच्या उन्हाळ्याआधी, होळीच्या सुमारास, पुन्हा द्यावा लागतो. एकदा देऊन सोडून दिलेले छप्पर दुसऱ्या वर्षी पूर्वीसारखेच तापते. धाब्यालाही दर ज्येष्ठात, मृग निघण्याआधी, खारी मातीचा हात द्यावा लागत असे. त्या कामाला घरातली सगळी माणसे वर चढत. खाली स्वयंपाकघरात चूलही त्या दिवशी उशिराच पेटे.